गुडघ्याचं कापड

सप्टेंबर उजाडला की माझ्याकडे गुडघे येतात.
विजारी येतात म्हणायला हवं,
पण मला दिसतात ते गुडघेच:
उजवा जास्त झिजलेला,
डाव्यावर अंड्याचा बलक वाळलेला,
शिवणीत मोंदेगूकाठची वाळू.
कोइंब्राच्या चढाच्या गल्लीत माझं दुकान.
वर विद्यापीठ, खाली नदी,
मध्ये मी, इदालिना, सुईत दोरा ओवत.

"पडलो," म्हणतात पोरं.
एकाच दिवशी एकोणीस जण पडतात,
सगळे पुढच्या बाजूला,
सगळे दोन्ही गुडघ्यांवर.
मी विचारत नसे. ठिगळ लावायचं, चार युरो घ्यायचे.

वर्ष उलटतं. तोच पोरगा येतो
छाती काढून, माप द्यायला.
काळा झगा हवा असतो, टाचेपर्यंत.
दुसऱ्या वर्षाचा मान.
झगा अंगावर चढला की आवाज जड होतो,
आरशासमोर तो बोट उगारून बघतो:
खाली. अजून खाली. नजर जमिनीला.
"गंमत असते हो," मलाच समजावतो,
"आम्हीही सोसलंच की.
त्याशिवाय जीव जडत नाही एकमेकांवर."
माझी सासूही हेच म्हणायची.
आणि तिची, तिला.

तेवीस वर्षं मी टाके घातले,
कापडाला आणि स्वतःच्या तोंडालाही.

मग लेओनिल्द आली, आसोर बेटांवरची.
स्कर्टचा घेर कंबरेपासून उसवलेला.
तो काउंटरवर ठेवला, पण हातातून सोडवेना;
कापड नव्हे, बोटीचा कठडाच धरलेला.
"मंगळवारी नेते," म्हणाली.
मंगळवार आला. नाताळ आला.
घरमालकीण म्हणाली, खोली सोडून गेली,
पुस्तकंसुद्धा नेली नाहीत.
स्कर्ट अजून खिळ्याला आहे.
पावती टोचलेली. पैसे दिलेले.

तेव्हापासून झिजलेलं कापड मी फेकत नाही.
कापते, धुते, मागे खडूनं नाव लिहिते,
बिस्किटांच्या डब्यात घालते.
इथे झग्याच्या आतून पोरं ठिगळं लावून घेतात:
गावाचं, शाखेचं, कुणी आजीच्या जुन्या रुमालाचं.
टाका बाहेरून दिसता कामा नये, अशी रीत.
मी रीत पाळते.
फक्त एक ठिगळ माझ्याकडून,
उजव्या खांद्याखाली, बोट उगारलं की
अस्तर जिथे कातडीला घासतं तिथे.
ज्याचा झगा, त्याच्याच गुडघ्याचं.

पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.
एकानं उसवून काउंटरवर भिरकावलं:
"म्हातारे, तुला नसत्या चौकशा कशाला?"
शिलाई परत दिली.
कापड तुझंच आहे, म्हटलं, घेऊन जा.
नेलं नाही. डब्यात आहे.

तेल्मु मात्र महिन्यानं आला,
बराच वेळ दारात, मग स्टुलावर.
"काल रात्री पायऱ्यांवर अकरा जण गुडघ्यांवर होते,
माझ्यासमोर.
हात वर गेला आणि काखेपाशी काहीतरी खरखरलं."
मग?
"मग म्हटलं, उठा, चला, सूप प्यायला जाऊ."
उठले?
"दोघं उठले. नऊ जण माझ्या मित्रांकडे बघत राहिले.
मित्र हसले. अजून हसतात."
त्यानं पाणी मागितलं. मी दिलं.
शाबास वगैरे म्हणाले नाही;
नऊ जणांचे गुडघे त्याच्याही डोळ्यांत होते.

या सप्टेंबरात विजारी सदतीस.
गेल्या साली एक्केचाळीस.
चार कमी.
खालच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेल्या असतील,
तो तीनच युरो घेतो.
तरी मी वहीत आकडा दोनदा लिहिला.

डब्याचं झाकण हल्ली नीट बसत नाही.
स्कर्ट आठवड्यातून एकदा झटकते, कसर लागू नये म्हणून.
आणि मंगळवारी दुकान
जरा उशिरा बंद करते.